पाण्यात जुळणारी सोयरीक



गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याचे जंगल आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. नागाचे देऊळ आणि तेथला पाण्याचा झिरा यांवरून हे नाव पडले, असे सांगतात. माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन मी तेथे गेलो होतो. पाण्याकडे पाहता पाहता एका मुलाने विचारले, "सर, माझे बाबा रोज रक्तदाबाची गोळी घेतात. ती कारखान्यात बनते तेव्हा उरलेली घाण कुठे जाते? असल्याच पाण्यात ना?" आजचे भाषण म्हणजे त्या मुलाला दिलेले उत्तरच समजा.

रक्तदाबावर लोसार्टन नावाचे एक औषध आहे. त्याच्या रेणूत कर्बाच्या सहा-सहा अणूंची दोन कडी एकमेकांना जोडलेली असतात. आता कर्बाला कर्ब जोडणे वाटते तितके सोपे नाही. १९०१ साली जर्मन रसायनज्ञ उल्मान यांनी तांब्याच्या साहाय्याने अशी कडी जोडून दाखविली. पण तांबे भरपूर लागे, आचही फार लागे. आणि दोन निरनिराळी कडी घेतली, तर हवी तीच जोडी जमेल याचा भरवसा नसे.

पुढे पॅलेडियम हा मौल्यवान धातू मदतीला आला. गावात सोयरीक जुळविणारा मध्यस्थ तुम्ही पाहिला आहेच. तो मुलाकडे जातो, मुलीकडे जातो, दोघांची गाठ घालून देतो. आणि लग्न लागले की जेवून पुढच्या गावची वाट धरतो. पॅलेडियमचे तसेच. एका कड्याला ब्रोमीन असते, दुसऱ्याला बोरॉन. पॅलेडियम आधी पहिले कडे धरतो, मग दुसरे; दोन्ही शेजारी आली की त्यांना जोडून आपण मोकळा होतो, नव्या जोडीच्या शोधात. म्हणून तो थोडकाच पुरतो. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. आपण शिक्षक वर्गात विरजणाची उपमा देतो खरी. पण विरजण दुधात वाढत जाते, उत्प्रेरक वाढत नाही, एवढे मुलांना जरूर सांगावे.

बोरॉनची ही युक्ती जपानच्या सुझुकी आणि मियाउरा यांनी १९७९ साली प्रसिद्ध केली. लोसार्टन बनविण्याच्या एका पद्धतीत तीच वापरली गेली. पॅलेडियमच्या अशा जोडण्यांसाठी हेक, नेगिशी आणि सुझुकी या तिघांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग घाण कसली? औषध बनविताना पदार्थ विरघळविण्यासाठी द्रव लागतो, आणि तो पुष्कळदा औषधाच्या कितीतरी पट लागतो. असे कित्येक द्रव पेट घेणारे, काही विषारी. त्यांच्याऐवजी साधे पाणी चालले तर? मुंबईला माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. तेथले डॉ. अनंत कापडी आणि त्यांचे सहकारी यांनी याच वाटेने काम केले आहे. पॅलेडियमला पाण्यात विरघळणाऱ्या एका संयुगाची सोबत देऊन त्यांनी न्यूक्लिओसाइडांवर पाण्यातच अशा जोडण्या घडविल्या. न्यूक्लिओसाइड म्हणजे आपल्या आनुवंशिक द्रव्याचे घटक. विषाणूंवरची कित्येक औषधे त्यांच्याच धर्तीवर बनतात. त्यांच्यात साखरेचा भाग असल्यामुळे पुष्कळ सेंद्रिय द्रवांत ते नीट विरघळत नाहीत. तेव्हा पाण्याची ही निवड दुहेरी फायद्याची.

पण पाणी वापरले म्हणजे ते निर्मळच राहिले, असे नव्हे हो! जोडणीनंतर त्यात क्षार उरतात, धातूचा अंश उरतो. औषधातून तो काढावाच लागतो, आणि सांडपाणीही शुद्ध करूनच सोडावे लागते. पेट घेणारे द्रव टळले, हा लाभ मोठा. पुढची जबाबदारी मात्र टळत नाही.

शिक्षकमित्रांनो, औषधाच्या दुकानातले थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड पेल्यात घ्या. प्रयोग स्वतःच्या हातांनी करा. त्यात कच्च्या बटाट्याची फोड टाका. फेस येईल, तो प्राणवायूचा. फेस थांबला की द्रव ओतून द्या आणि त्याच फोडीवर ताजा घाला. पुन्हा फेस! मध्यस्थ अजून कामावर आहे.

नंतर मुलांना विचारा: पेल्यात उरलेले पाणी आता कुठे टाकायचे? नागझिऱ्याच्या काठी त्या मुलाने हेच विचारले होते. रसायनशास्त्र शिकणाऱ्याने हा प्रश्न कधी विसरू नये.