धोत्रा : बांधावरचे विष, दवाखान्यातला उतारा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



धोत्रा तुम्हाला दाखवायला नको. बांधाबांधावर तो आहे. महाशिवरात्रीला त्याचे काटेरी फळ पिंडीवर चढते. एरवी आपण तो उपटून फेकतो. पोराने त्याचे बी खाल्ले तर तोंडाला कोरड पडते, अंग तापते, बाहुल्या विस्फारतात, नाडी धावते आणि पोर बरळू लागते. जीवही जातो.

आता दुसरे चित्र आठवा. पऱ्हाटी छातीला लागली आहे, वारा पडला आहे, पाठीवरचा पंप गळतो आहे. संध्याकाळी फवारणाऱ्या गड्याच्या तोंडाला लाळ सुटते, दरदरून घाम फुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छाती घरघरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आपण दुकानात जाऊन विष मागत नाही, ‘औषध’ मागतो. ते हे औषध!

ही दोन चित्रे एकमेकांच्या उलट आहेत, आणि उतारा त्यातच आहे. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली विषे. आपल्या शरीरात मज्जातंतूचा निरोप पोचवणारा एक पदार्थ असतो. निरोप पोचला की तो पदार्थ मोडून टाकणारे दुसरे द्रव्य असते. हे विष त्या दुसऱ्या द्रव्यालाच निकामी करते. मग निरोप थांबत नाही. लाळ, घाम, छातीतला स्राव वाहतच राहतो. धोत्र्यातले अ‍ॅट्रोपीन निरोप घेणारी जागाच अडवते. स्राव आटतो, मंद नाडी सुधारते, श्वास मोकळा होतो. १८३३ साली जर्मनीत धोत्र्याच्याच कुळातल्या बेलाडोनापासून हे द्रव्य शुद्ध स्वरूपात काढले गेले. आज त्याचे इंजेक्शन मिळते.

मग गड्याला धोत्र्याचा रस पाजायचा का? मुळीच नाही! कोणत्या झाडात, कोणत्या बीत किती विष आहे हे डोळ्यांना दिसत नाही. एका विषावर दुसरे विष चढेल. डॉक्टर मोजून इंजेक्शन देतात, दर काही मिनिटांनी छाती आणि नाडी तपासतात आणि छाती मोकळी होईपर्यंत मात्रा वाढवतात. विष आणि औषध यांत फरक आहे तो मात्रेचा आणि पाहणाऱ्या डोळ्यांचा.

अ‍ॅट्रोपीन सगळे करत नाही, हेही लक्षात ठेवा. श्वासाचे स्नायू लुळे पडले तर कृत्रिम श्वासाचे यंत्रच लागते. बरा वाटणारा रुग्ण एक ते चार दिवसांत पुन्हा खालावू शकतो. म्हणून डॉक्टरांना न विचारता त्याला घरी आणू नका. आणि प्रत्येक कीटकनाशकावर हा उतारा चालत नाही. म्हणून रुग्णासोबत बाटली किंवा तिचे लेबल न्याच. आधी भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, ओकारी काढू नका, थेट दवाखाना गाठा. धुणाऱ्यानेही हात झाकावेत.

आम्ही कृषी महाविद्यालयात एकरी मात्रा पाठ केल्या. किडीला किती लागते ते शिकलो. माणसाला बाधले तर काय, हे आम्हाला कोणी शिकवले नाही आणि आम्हीही विचारले नाही. ती चूक आता दुरुस्त करायची आहे.

म्हणून या बैठकीत आपण मागणी करू या : फवारणीच्या हंगामात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात अ‍ॅट्रोपीनचा पुरेसा साठा असावा, तो देणारा डॉक्टर रात्रीही हजर असावा, आणि जिल्ह्याला नेणारी गाडी तयार असावी. गावी गेल्यावर पहिले काम हेच करा. आपल्या केंद्रात जा आणि विचारा, ‘अ‍ॅट्रोपीन किती आहे?’ उत्तर लिहून घ्या आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.