परदेशातील शिक्षकाची नोकरी आणि तिच्या अटी



परदेशी जाऊन शाळेत शिकविणे ही गोष्ट आमच्या बाजूला नवी नाही. जोयडा तालुक्याला गोव्याची सीमा लागून आहे. आमचे कॅसलरॉकचे स्थानक 1961 पर्यंत दोन राज्यसत्तांच्या उंबरठ्यावर उभे होते. पलीकडच्या गोव्यातून कित्येक कुटुंबे पूर्व आफ्रिकेत गेली, आणि नैरोबीत डॉ. रिबेरो गोवन स्कूल ही शाळा त्यांच्या मुलांसाठी उभी राहिली. 1950 नंतरच्या दोन दशकांत इथिओपियाच्या शाळांतून हजारो भारतीय शिक्षकांनी शिकविले. तेव्हा आज आमच्या रामनगर-कुंभारवाड्याकडील एखादी बी.एड. झालेली मुलगी, "सर, परदेशात इंग्रजी शिकवायला जाता येईल का?" असे विचारते, तेव्हा तिचे स्वप्न हास्यास्पद ठरविण्याचे कारण नाही. जाता येते. मात्र अशा नोकऱ्यांच्या जाहिरातींत ज्या अटी घातलेल्या असतात, त्या नीट पारखून घ्याव्या लागतात.

पारखण्याची एक सोपी रीत आहे. प्रत्येक अटीला विचारावे: तू माझ्या कामाची परीक्षा घेतेस, माझ्या जन्माची, की माझ्या खिशाची?

कामाची परीक्षा घेणारी अट रास्त होय. पदवीपत्र साक्षांकित करून आणा, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणा, इंग्रजीची परीक्षा द्या, असे कोणी म्हटले तर त्यात अपमान नाही. मुले ज्याच्या हाती सोपवावयाची त्याची एवढी चौकशी व्हावयासच हवी. भारत 2005 साली अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. त्यामुळे करारातील देशांसाठी कागदपत्रांची राज्यात पडताळणी झाली, की परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का पुरतो. इतर देशांसाठी त्यांच्या वकिलातीचा शिक्काही लागतो. प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांचीही हीच कसोटी. केंब्रिजच्या सेल्टा प्रमाणपत्रासाठी उमेदवाराला परीक्षकांसमोर खऱ्या वर्गात 6 तास शिकवून दाखवावे लागते. उलट, घरबसल्या दोन दिवसांत मिळणारे आणि "नोकरीची हमी" देणारे प्रमाणपत्र शिक्षकाची परीक्षाच घेत नाही. ते केवळ विकले जाते.

दुसरी अट जन्माची. "मातृभाषा इंग्रजी असलेलेच अर्ज करोत," हे वाक्य अशा जाहिरातींत वारंवार आढळते, आणि अर्जासोबत छायाचित्रही मागितलेले असते. पुष्कळदा मातृभाषेच्या आडून पाहिला जातो तो कातडीचा रंग. दक्षिण कोरियात तर भाषाशिक्षकाच्या व्हिसाचा नियमच इंग्रजीसाठी सात देशांच्या नागरिकांपुरता आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. तथापि याच नियमाला भारतीयांसाठी एक अपवाद आहे, आणि तो आपल्या तरुणांना सहसा ठाऊक नसतो. भारत व कोरिया यांचा आर्थिक भागीदारीचा करार 1 जानेवारी 2010 पासून अमलात आला. त्यान्वये इंग्रजीची पदवी आणि शिक्षकाची अधिकृत पात्रता असलेल्या भारतीयाला तेथील शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाण्याची वाट मोकळी झाली. जन्माची म्हणून मांडलेली अट कागदावर कामाची करता येते, याचे हे उदाहरण आहे.

जन्माने इंग्रज तोच उत्तम इंग्रजी शिक्षक, हा समज आला कोठून? 1961 साली युगांडातील मॅकेरेरे येथे राष्ट्रकुलाची इंग्रजी अध्यापनावर परिषद भरली होती. रॉबर्ट फिलिप्सन या अभ्यासकाने 1992 साली या समजाचे मूळ त्या परिषदेच्या विचारांत दाखविले आणि त्याला भ्रम असे स्पष्ट नाव दिले. हंगेरीचे पेटर मेडजेश यांनी मांडले, की जो स्वतः ती भाषा कष्टाने शिकला, त्याला विद्यार्थी कोठे अडखळेल हे आधीच कळते. हा अनुभव आमचाही आहे. मराठीत 'ए' आणि 'द' ही उपपदे नाहीत. कोरियन भाषेतही नाहीत. ती कोठे लावावयाची हे जन्मजात इंग्रजाला सहज कळते, परंतु का लावावयाची हे त्याला पुष्कळदा सांगता येत नाही. घरी कोंकणी, शाळेत मराठी, बाजारात कन्नड आणि मग इंग्रजी, अशा पायऱ्या चढून आलेल्या आमच्या मुलीला ते सांगता येते. तिने आपले उच्चार घासूनपुसून घ्यावेत, हे मात्र तितकेच खरे. इंग्रजी शिक्षकांच्या टेसॉल या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही 2006 साली अशा भेदभावाविरुद्ध आपली भूमिका जाहीर केली.

अर्थात ठरावाने कोणाच्या देशाचा व्हिसा मिळत नाही. जेथे कायदाच आड येतो, तेथे अर्जात वेळ दवडू नये. आणि "तुमच्यासाठी अट शिथिल करून आणतो" असे म्हणणारा भेटला, तर समजावे की तिसरी अट आली, खिशाची.

येथे एक विपरीत गोष्ट ध्यानात ठेवावी. दहावी न झालेला मजूर आखातासारख्या ठराविक देशांत कामाला निघाला, तर त्याला उत्प्रवास संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते, आणि त्याच्या कराराची छाननी होते. पदवीधराला ती लागत नाही. म्हणजे शिकलेल्या माणसाचा करार तपासणारा तो स्वतःच! म्हणून 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली दलालाची नोंदणी आहे का, हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहावे. नोंदणीकृत दलालालाही उमेदवाराकडून 30,000 रुपये व त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. पैसे दिल्यास पावती घ्यावी. "आधी पर्यटक म्हणून जा, कामाचा व्हिसा तिकडे करू," असे कोणी सांगितल्यास तेथेच उठावे. मूळ पदवीपत्रे कोणाकडेही तारण ठेवू नयेत. पारपत्र तर 1967 च्या कायद्याप्रमाणे भारत सरकारची मालमत्ता आहे. ते अडकवून ठेवण्याचा अधिकार परदेशी शाळेच्या चालकालाही नाही.

हे सारे इतक्या बारकाईने सांगण्याचे कारण आहे. सुपा धरणाच्या पाण्याखाली आमच्या तालुक्यातील गावे गेली, जुने सुपाही गेले, आणि कितीतरी घरांनी रामनगरला नव्याने चुली मांडल्या. अशा घरातील उरलेली जमीन किंवा आईच्या अंगावरचे दागिने एका जाहिरातीच्या पायी गहाण पडणे ही लहान गोष्ट नव्हे. पालकांना माझी विनंती एवढीच, की सही करण्यापूर्वी कराराचा कागद घरात मोठ्याने वाचून घ्यावा. वेतन किती, तास किती, राहण्याची सोय कोणाची, परतीचे भाडे कोणाचे, आणि नोकरी सुटल्यास काय, या पाच प्रश्नांची उत्तरे त्यात सापडली नाहीत, तर तो कागद परत करावा. मुलगी घरी राहील, एवढेच. तिची पदवी आणि तिची विद्या तिच्यापाशीच राहील, आणि पुढच्या अर्जासाठी ती मोकळी असेल.