विंचूदंश, हृदय आणि कॅल्शियम
(नागपूर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विंचू चावलेला माणूस दगावतो तो कशाने, असे विचारले तर बहुतेक जण 'विषाने' असे सांगतील. हे उत्तर अपुरे आहे. तांबड्या विंचवाचा दंश झालेल्या रोग्याचे हृदय त्याच्या स्वतःच्याच शरीरातील रसायनांच्या पुराने निकामी होते. ते कसे, हे समजण्यासाठी हृदयाच्या पेशीत डोकवावयास हवे.

हृदयाचा ठोका कॅल्शियमवर चालतो. १८८३ साली लंडन येथे सिडनी रिंगर यांनी ही गोष्ट बेडकाच्या हृदयावर दाखवून दिली. विश्रांतीच्या क्षणी पेशीबाहेर आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट कॅल्शियम असते. ठोक्याच्या वेळी पेशीच्या आवरणातील दारे उघडून थोडे कॅल्शियम आत येते. त्या इशाऱ्यावर पेशीतील कोठारातून कितीतरी अधिक कॅल्शियम सुटते आणि स्नायू आकुंचन पावतो. ते कोठारात परत ओढले गेले की स्नायू सैलावतो.

या पाटावरचा पाटकरी म्हणजे ॲड्रेनॅलीन व त्याचा सोबती नॉरॲड्रेनॅलीन. हे स्वतः पेशीत शिरत नाहीत. आवरणावरील बीटा ग्राहकाला ते निरोप देतात. आत सायक्लिक एएमपी नावाचा दूत तयार होतो व त्याच्या हुकमाने दारे अधिक उघडतात. कॅल्शियम परत ओढण्याचे कामही त्याच वेळी वेगाने होते. म्हणूनच घाबरलेल्या माणसाचे हृदय जोराने आणि भरभर, अशा दोन्ही प्रकारे चालते.

तांबड्या विंचवाचे विष चेतातंतूंमधील सोडियमची दारे मिटू देत नाही. परिणामी ही रसायने अखंड ओतली जातात. रक्तवाहिन्यांवरील अल्फा ग्राहकांमुळे त्या आवळतात, रक्तदाब चढतो. एकीकडे हा भार, दुसरीकडे पेशीत साचत जाणारे कॅल्शियम; हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते.

येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव घेतलेच पाहिजे. जालना जिल्ह्यातील देहेडचे हे सुपुत्र आपल्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकले व १९७६ साली महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रोग्यांच्या उशाशी बसून टिपलेली त्यांची निरीक्षणे १९८२ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाली. हृदयावरचे बीटा दार औषधाने बंद करावे, असे कोणाच्याही मनात येईल. परंतु थकलेले हृदय त्याने आणखी खचते आणि आवळलेल्या वाहिन्या तशाच राहतात. बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध निवडले. ते अल्फा ग्राहक अडविते, वाहिन्या सैलावतात, हृदयावरील ओझे उतरते. १९८६ साली तेही 'लॅन्सेट'मध्ये आले. एका ग्रामीण डॉक्टरचे हे काम जगाने स्वीकारले, याचे मोल मला मोठे वाटते. प्रतिविष व प्राझोसिन एकत्र दिल्यास रोगी अधिक लवकर बरा होतो, हे त्यांनी २०११ साली दाखविले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता गावात काय करावयाचे? ठणका किती आहे यावरून धोका मोजू नये. उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही त्या पुराची पहिली चिन्हे होत. ती दिसताच मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता रोग्याला आरोग्य केंद्रात न्यावे. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते, कारण त्याने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. लवकर दिले तर त्याचा गुण अधिक. म्हणून दंश किती वाजता झाला, ते चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे.