कडीपाटातलं ऊन पाणी

कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये पोसायडन या समुद्रदेवाची एक छोटी रोमन कांस्यमूर्ती आहे. 1940च्या दशकात ती ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडली. ज्यांच्याकडून ती आली, ते रोमन लोक स्नानगृहाची जमीन विटांच्या बुटक्या खांबांवर उचलून घेत आणि तिच्या पोटातून भट्टीची गरम हवा खेळवत.

आज भट्टीच्या जागी बॉयलर आला, हवेच्या जागी पाणी. कोल्हापूरकराला याची गरज नाही. इथली थंडी बंबावर भागते. पण अमेरिका-कॅनडातल्या लेकाकडे हिवाळ्यात गेलेल्या आईवडिलांना कधी कधी अनवाणी पायांना उबदार लागणारी लाकडी जमीन भेटते आणि ऊब येते कुठून ते कळत नाही.

ती येते खालून. तिथल्या लाकडी घराची जमीन म्हणजे आपल्या वाड्यातला कडीपाटच: कड्या आणि वर फळ्या. दोन कड्यांमध्ये साधारण 40 सेंटीमीटरचं अंतर. त्यात पेक्स नावाच्या चिवट प्लॅस्टिकची ऊन पाण्याची नळी दोनदा फिरवतात.

खरी कसोटी ती नळी बसवण्यात आहे. फळ्यांच्या खिळ्यांची टोकं खाली डोकावत असतात. ती छाटल्याशिवाय काम सुरूच करू नये. मग मधोमध पन्हळ असलेली ॲल्युमिनियमची पट्टी फळीला घट्ट चिकटेल अशी ठोकायची आणि नळी त्या पन्हळीत दाबायची. लाकूड उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. त्यात पट्टी आणि फळी यांच्यात पोकळी राहिली, तर बॉयलर उगाच राबतो. नुसती क्लिप मारून नळी टांगणं स्वस्त पडतं, पण मग पाणी जास्त तापवावं लागतं. ही काटकसर खोटीच.

नळी मात्र करकचून आवळायची नाही. 30 मीटर पेक्स 30 अंशांनी तापली, की सुमारे 15 सेंटीमीटर लांबते. सरकायला जागा नसेल तर रात्री जमिनीतून टकटक ऐकू येते. आणि खालून इन्सुलेशन हवंच, नाहीतर ऊब तळघराला जाते.

लाकडाचा पृष्ठभाग साधारण 27 अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. त्याहून तापला की फळ्या सुकतात, आकसतात, फटी पडतात.

तेव्हा श्रोतेहो, तिकडे लेकीच्या किंवा लेकाच्या घरी जमिनीत खिळा ठोकायची वेळ आली, तर खालून नळी कुठून गेली आहे ते आधी विचारून घ्या.