उचल घेतली म्हणजे करार झाला
(वाडीच्या बैठकीतलं बोलणं)

खेड-चिपळूणच्या आपल्या कातकरी वाड्यांत पावसाळा सरता सरता भट्टीचा मुकादम येतो. हातावर उचल ठेवतो, म्हणतो, "दिवाळी झाली की गाडी पाठवतो." आपण मान हलवतो. आपल्याला वाटतं, कागद कुठं झाला? पण करार तिथंच झाला! १८७२ च्या करार कायद्यात एकानं देऊ केलं, दुसऱ्यानं राजीखुशीनं मानलं, देणंघेणं ठरलं, की तोंडी बोलणंही धरतात. मग हजार विटांना किती, हे आपण उचलीआधी का विचारत नाही? लाज वाटते, दुसरं काय!

धाक घालून, फसवून घेतलेला होकार मोडता येतो. अठराच्या आतल्या पोराचा अंगठा तर चालतच नाही. आणि 'उचल फिटेपर्यंत भट्टी सोडायची नाही' असं वेठीला धरणं १९७६ च्या वेठबिगारी कायद्यानं रद्द आहे, स्टॅम्पावर लिहिलं असलं तरी. ते कर्ज वेठबिगारीचं नाही, हे मालकानं सिद्ध करायचं, आपण नाही. कोणाला अडवलं तर प्रांताकडे, कलेक्टरकडे अर्ज द्यायचा.

यंदा मुकादमाला घरात एकटं भेटायचं नाही. अंगणात, चार माणसांत बसवू. उचल, दर, तारीख आम्ही वहीत लिहू, त्याचीही सही घेऊ.