परत फेकणारी जाळी

लॅक्रॉस हा खेळ आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही. लांब काठी, तिच्या टोकाला जाळीची छोटी झोळी. त्या झोळीतच चेंडू झेलायचा आणि तिच्यातूनच फेकायचा. उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा हा फार जुना खेळ. मेरीलँडने २००४ साली त्याला राज्याच्या अधिकृत सांघिक खेळाचा मान दिला. माझी मुलगी-जावई तिथेच असतात, आणि बारा वर्षांची नात या खेळात पार बुडालेली.

अडचण अशी, की तिच्या मैत्रिणींचे वडील लहानपणापासून ही काठी धरत आलेले. संध्याकाळी अंगणात लेकींशी झेलाझेली करतात. आमचे जावई डोंबिवलीचे. क्रिकेटवर रात्रभर बोलतील, पण काठीत चेंडू येईल तर शपथ! (२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हे दोन्ही खेळ आहेत, एवढंच त्यांचं समाधान.) मग पोरीनं सराव करायचा कुणाबरोबर?

भिंतीबरोबर, असं प्रशिक्षक सांगतात. खरंच आहे, विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीसारखा जोडीदार नाही, आणि तो फुकट. पण तिथली पुष्कळ घरं लाकडी सांगाड्याची, वर प्लॅस्टिकच्या पट्ट्या. चेंडू भरीव रबराचा, सुमारे १४५ ग्रॅमचा. पट्टीला तडा जायला कितीसा वेळ? म्हणून रिबाउंडर घ्यायचा ठरला. पोलादी चौकटीत ताणून बसवलेली जाळी, चेंडू परत फेकणारी.

दुकानांत हिंडल्यावर माझं मत झालं, की आकाराला भुलू नये. मोठी पण हलकी चौकट प्रत्येक फटक्याला मागे सरकते. नळ्या जाड हव्यात आणि जमिनीत ठोकायच्या खुंट्या सोबत हव्यात. फुटबॉलसाठीची जाळी स्वस्त मिळाली तरी तिची घरं तपासावीत. लॅक्रॉसचा चेंडू टेनिसच्या चेंडूहून किंचित लहान, मोठ्या घरातून सरळ पलीकडे जातो. कोन बदलता येतो का, हे मात्र अवश्य पाहावं. जाळी मागे कलती ठेवली तर चेंडू उंच येतो, उभी केली तर खाली, आणि जमिनीवरून येणारा चेंडू उचलणं हे या खेळातलं अर्धं काम. जाळीभोवतीचे रबरी बंद उन्हापावसानं सैल पडतात. ते सुटे मिळतात का, हे दुकानदाराला आधीच विचारावं.

जागाही जपून निवडावी. नेम चुकला की चेंडू जाळीवरून जातो, आणि मागे शेजाऱ्यांची खिडकी असेल तर सगळंच महागात पडतं.

आमच्या नातीचा उजवा हात तयार आहे, डावा नाही. लॅक्रॉसमध्ये दोन्ही हात चालावे लागतात. माणसाला पन्नासदा चुकीचा चेंडू झेलायला लावायची तिला लाज वाटते. जाळीची वाटत नाही. जावई चुकलेले चेंडू आणायला मागे उभे राहतात आणि उभ्या उभ्या तिचे डाव्या हाताचे झेल मोजतात. परवा फोनवर मला सांगत होते, सलग एकोणीस!