कुरणावर वसविलेले नगर
(महोत्सव-सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी आपणांस कॅलिफोर्नियातील आयर्विन ह्या नगराची हकीगत सांगणार आहे. इतक्या दूरचा विषय कशास, असे कोणी म्हणेल. परंतु गाव कोण वसवितो व कोणासाठी वसवितो, हा प्रश्न काही दूरचा नव्हे.

त्या भूमीवर मूळचे टोंग्वा व अहाशेमेन लोक राहत. सन १७७६ मध्ये फादर हुनिपेरो सेरा ह्यांनी सान हुआन कापिस्त्रानो येथे मिशन स्थापिले व मिशनची गुरे आसपासच्या माळावर चरू लागली. (त्या अमदानीत मूळच्या लोकांस आपल्या मर्जीने निघून जाण्याची मोकळीक नसे, हेही येथे सांगितले पाहिजे.) १८३३ च्या मेक्सिकन कायद्याने मिशनांच्या जमिनी काढून घेण्यात आल्या. त्यांतील वाटा मूळ रहिवाशांस मिळेल असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात बहुतेक जमीन वजनदार गुरेपाळ घराण्यांकडे गेली. पुढे १८६३-६४ च्या अवर्षणात गुरे तडफडून मेली, मालक कर्जात बुडाले, आणि फ्लिंट, बिक्स्बी व जेम्स आयर्विन ह्या मेंढरांच्या व्यापाऱ्यांनी त्यांच्या जमिनी घेतल्या. १८७६ मध्ये आयर्विनने भागीदारांचे हिस्सेही विकत घेतले. सुमारे १,१०,००० एकर भूमी एका घराण्याची झाली! पुढे तेथे घेवडा, जव व संत्री पिकू लागली.

१९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठास नव्या शाखेसाठी जागा हवी होती. घराण्यातील नात जोन आयर्विन हिने आग्रह धरिला व कंपनीने १,००० एकर जमीन नाममात्र एका डॉलरास दिली. हे दान खरे. पण विद्यापीठ आले की भोवतालच्या रानाचा भाव चढणार, हे कंपनी पुरते ओळखून होती. विल्यम परेरा ह्या वास्तुशिल्पज्ञाने विद्यापीठाभोवती ५०,००० वस्तीचे नगर आखले. २० जून १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांच्या हस्ते समर्पण झाले, तेव्हा चहूकडे माळच पसरला होता. १९६५ च्या ऑक्टोबरात वर्ग भरू लागले.

नगराची रचना लहानलहान वाड्यांची. प्रत्येक वाडीस शाळा, बाग व दुकाने. मुलांनी मोटारींच्या वाटेस न लागता चालत जावे अशा पायवाटा. योजना देखणी, ह्यात शंका नाही. परंतु आखणारी कंपनी, विकणारी कंपनी, आणि आरंभी कित्येक घरांखालची जमीनही भाडेपट्ट्याने कंपनीचीच! शिवाय शेजारची नगरे कडेचे तुकडे आपल्यात ओढू पाहत होती. तेव्हा रहिवाशांनी मतदान करून २८ डिसेंबर १९७१ रोजी स्वतःची नगरपालिका स्थापिली. माझ्या मते त्या नगराचा खरा जन्मदिवस हाच.

एक उणीव मात्र राहिली. नकाशात प्राध्यापक होते, व्यवस्थापक होते. संत्री तोडणाऱ्या मजुराचे घर कोठे होते? स्वस्त घरांचा वाद तेथे पुढे वारंवार गाजला. २०२० च्या जनगणनेत वस्ती ३,०७,६७० भरली, म्हणजे परेराच्या अंदाजाच्या सहापटीहून अधिक.

नॉर्थवुड नावाच्या वाडीत निलगिरीच्या उंच रांगा राखून घरे बांधिली आहेत. संत्र्यांच्या बागांस वारा लागू नये म्हणून शेतकऱ्यांनी त्या लाविल्या होत्या.